भाड्याची खोली आणि मागे राहिलेले माणूस



आज ज्या प्रश्नाविषयी मी सांगणार आहे, तो कायद्याच्या पुस्तकात दोनचार ओळींत आटोपतो. पण ज्याच्यावर येतो त्याचे सारे घर हलवून टाकतो. प्रश्न असा, की दोन माणसे एका भाड्याच्या खोलीत राहत होती आणि त्यांतले एक निघून गेले. मागे जे राहिले त्याने काय करायचे? त्याला त्या खोलीत राहता येते का? भाडे कोणी द्यायचे? आणि द्यायला पैसाच नसला, तर तो कोणाकडे मागायचा?

हा शहरवाल्यांचा प्रश्न आहे, आम्हां खेड्यातल्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आता तसे राहिलेले नाही. मुलांच्या शाळेसाठी, कारखान्यातल्या कामासाठी, दवाखान्यासाठी खेड्यातली कितीतरी कुटुंबे तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहतात. कोणाची लेक पिंपरीला, कोणाची बहीण इचलकरंजीला भाड्याच्या खोलीत संसार करते. आणि बदलीवर आलेले आपले शिक्षक तर बहुधा भाड्यानेच राहतात. तेव्हा ही गोष्ट आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली आहे, असे समजूनच पुढचे वाचावे.

काही वर्षांपूर्वीची हकिकत सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची थोरली बहीण करमाळ्याकडच्या एका खेड्यातून मुलांच्या शाळेसाठी आमच्या गावी राहायला आली होती. नवरा टेंपो चालवायचा. एस. टी. स्टँडच्या मागे दोन खणांची खोली, महिना तीन हजार रुपये भाडे, पंधरा हजार डिपॉझिट. दिवाळी झाली आणि नवरा माल घेऊन भिवंडीला गेला, तो परत आलाच नाही. आधी फोन लागायचा, मग तोही लागेनासा झाला. संक्रांत आली तेव्हा दोन महिन्यांचे भाडे तुंबलेले होते. घरमालक तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "हे बघ पोरी, खोली तुझ्या नवऱ्याच्या नावावर आहे. तोच नाही, तर तुला मी कुठल्या नात्यानं ठेवू? आठ दिवसांत बघ तुझं कुठंतरी."

ती भावाला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, निघावंच लागेल का हो?" मी एम. ए. झालेला, वर्षानुवर्षे वर्गात उभा राहून बोलणारा माणूस. मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "ताई, कागद त्याच्या नावावर आहे. तुमचा हक्क काही पोचत नाही. उगाच भांडण वाढवू नका." तिने माझा शब्द मानला. आठव्या दिवशी ट्रंक आणि भांडी भावाच्या घरी गेली. डिपॉझिटमधून थकलेले भाडे कापून उरलेले पैसे नवरा येईल तेव्हा त्याला देऊ, असे मालक म्हणाला. वर्षाच्या मध्येच मुलांची शाळा सुटली.

पुढे एका वकील मित्राजवळ सहज हा विषय निघाला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो सर, तुम्ही तिला अगदी उलटं सांगितलंत!" माझ्या अज्ञानाची किंमत तिने भरली. तुमच्यापैकी कोणाकडे, विशेषतः शिक्षकांकडे, अशी एखादी बहीण कधीतरी येईलच. तिला कोणी माझ्यासारखे उत्तर देऊ नये, म्हणून मी जे नंतर शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे कागद पाहायचा. भाड्याच्या करारावर नावे कोणाची आहेत? समजा, दोन शिक्षिकांनी मिळून चार हजार रुपयांना खोली घेतली आणि करारावर दोघींच्या सह्या आहेत. एकीची बदली झाली, ती निघून गेली. राहिलेली म्हणते, "मी माझे दोन हजार देते." तसे चालत नाही. १८७२ सालच्या आपल्या करार कायद्याचा नियम असा आहे, की दोघांनी मिळून वचन दिले, तर उलट काही ठरले नसल्यास ज्याला वचन दिले तो दोघांपैकी कोणाही एकाकडून ते पुरे करून घेऊ शकतो. म्हणजे मालक पूर्ण चार हजार राहिलेलीकडे मागू शकतो. तिने ते भरले, तर गेलेलीचा दोन हजारांचा वाटा तिच्याकडून वसूल करण्याचा हक्क तिला आहे. पण तो हिशेब त्या दोघींमधला. मालकाला त्याच्याशी कर्तव्य नाही. आणि जी निघून गेली, तिनेही "मी खोली सोडली, माझा संबंध संपला" असे मानू नये. कागदावर सही आहे तोवर ती बांधलेलीच आहे. म्हणून निघताना तिघांनी बसून नवा कागद करावा, डिपॉझिटमधला वाटा चुकता करावा आणि मगच निरोप घ्यावा. दोन सह्या आणि अर्धा तास, एवढ्यात पुढचे वर्षभराचे मनस्ताप वाचतात.

आता दुसरा प्रकार, जो अधिक घडतो आणि अधिक दुःखाचा आहे. कागदावर नाव एकट्या नवऱ्याचे आणि नवरा बायकोमुलांना टाकून निघून गेला. इथेच लोक चुकतात आणि मीही चुकलो. नाव त्याचे, म्हणजे घर त्याचे, अशी आपली समजूत. कायदा मात्र असे विचारतो, की हा संसार कुठे चालला होता?

संसदेने २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. नाव ऐकून वाटते, हा मारहाणीचा कायदा. अंगावर वळ असतील तरच तो उपयोगाचा. तसे नाही. या कायद्यात हिंसाचाराचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत आर्थिक छळ हाही एक आहे. आणि आर्थिक छळ म्हणजे काय हे सांगताना कायद्याने घरखर्च, स्त्रीधन यांच्याबरोबर राहत्या घराच्या भाड्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला आहे. म्हणजे बायकोला आणि मुलांना भाड्याच्या खोलीत टाकून भाडे बंद करणे, हा या कायद्याच्या नजरेत हिंसाचारच आहे. त्यासाठी हात उगारलेला असावा लागत नाही.

दुसरे असे, की बाई ज्या घरात नवऱ्याबरोबर राहत होती, त्या घराला हा कायदा दोघांचे एकत्र राहण्याचे घर मानतो. ते मालकीचे असो की भाड्याचे, कागद दोघांच्या नावावर असो की एकाच्या, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. नवरा किंवा सासरची माणसे कायद्याची रीत सोडून तिला तिथून काढू शकत नाहीत.

मग हा हक्क बजावायचा कसा? तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टात अर्ज करून. तो अर्ज ती स्वतः करू शकते किंवा महिला व बाल विकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करू शकते. ज्या गावी ती सध्या राहते, मग ते तात्पुरते का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. खोली सोडून माहेरी आलेली असली, तर माहेरच्या तालुक्यातही चालतो. अर्ज आल्यावर साधारणपणे तीन दिवसांच्या आत पहिली तारीख लावावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात कोर्टांत कामाची गर्दी असते आणि वेळ जास्त लागतो, हे खरे. पण तोवर हातावर हात ठेवून बसावे लागत नाही. अंतरिम हुकूम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता हुकूम, मागता येतो आणि निकड असेल तर समोरचा हजर नसतानाही तो मिळू शकतो.

कोर्ट काय काय हुकूम करू शकते ते नीट लक्षात ठेवा, कारण अर्जात जे मागाल त्यावरच विचार होतो. बाईला त्या घरातून काढू नये, असा हुकूम होतो. नवऱ्याने परस्पर मालकाला "मी खोली सोडली" असे लिहून देऊन आपला हक्क सोडू नये, असाही हुकूम होतो. हा फार मोलाचा आहे, कारण पुष्कळ नवरे नेमके हेच करतात. चालू खोलीचे भाडे नवऱ्याने भरावे, असे बंधन कोर्ट घालू शकते. दोघांची ऐपत आणि गरज पाहून ते ठरते. आणि ती खोली गेलीच असेल, तर तशाच दर्जाची दुसरी जागा तिला पाहून द्यावी किंवा तिचे भाडे द्यावे, असाही हुकूम मागता येतो. शिवाय खाण्यापिण्याचा आणि मुलांचा खर्च वेगळा. ठरलेले पैसे नवऱ्याने भरले नाहीत आणि तो कुठे नोकरीला असेल, तर त्याच्या पगारातून थेट बाईला पैसे द्यावेत, असे कोर्ट मालकाला सांगू शकते.

म्हणून बायांनी एक व्यवहार सांभाळावा. नवऱ्याचा आधार क्रमांक, बँकेचे नाव, तो कोणाकडे कामाला आहे, गाडी चालवत असेल तर गाडीचा नंबर आणि गाडीमालकाचा पत्ता, हे एका वहीत लिहून ठेवावे. हा संशयीपणा नव्हे. घरातल्या कर्त्या माणसाची एवढी माहिती घरात असायलाच हवी. माझ्याकडे आलेल्या त्या बहिणीला नवऱ्याच्या टेंपोच्या मालकाचे नावही सांगता आले नव्हते. समन्स बजावायचे कुठे, हाच पहिला अडथळा.

पोटगीचा दुसराही एक रस्ता आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणून जे प्रसिद्ध होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. कलमाचा आकडा बदलला, हक्क कायम आहे. स्वतःचे पोट भरण्याचे साधन नसलेली बायको, लहान मुले आणि आईबाप, कोणत्याही धर्माचे असोत, या कलमाखाली निर्वाहखर्च मागू शकतात. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितले, की पोटगी अर्ज केला त्या तारखेपासून द्यावी. याचा अर्थ सरळ आहे. नवरा आज ना उद्या येईल म्हणून सहा महिने वाट पाहिली, तर त्या सहा महिन्यांचे पैसे बहुधा हातचे गेले. वाट पाहायची तर खुशाल पाहा. पण अर्ज करून पाहा. तो परत आला, संसार सुरळीत झाला, तर अर्ज मागे घेता येतो.

हे झाले नवऱ्याशी. आता घरमालकाशी. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नवऱ्यावर मिळालेला हुकूम हा नवऱ्यावरचा हुकूम आहे. मालकाचे भाडे बुडवण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. मालकाला त्याचे भाडे मिळालेच पाहिजे आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही. त्यानेही कर्ज काढून घर बांधलेले असते.

पण मालकानेही रीत पाळायला हवी. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तो सगळ्या खेड्यांना लागू नाही. त्याच्या अनुसूचीत जी शहरे आणि गावे नमूद आहेत, तिथेच लागतो. जिथे लागतो, तिथे थकबाकीसाठी मालकाला लगेच दावा लावता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस पोचल्यापासून नव्वद दिवस थांबावे लागते. पुढे दावा झाला, तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, तिच्यावर दरसाल दरशेकडा पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचे भाडे नियमित चालू ठेवले, तर थकबाकीच्या कारणावरून खोली खाली करण्याचा हुकूम होत नाही. त्या बहिणीची थकबाकी सहा हजार होती. सहा हजारांवर पंधरा टक्क्यांनी महिन्याचे व्याज होते पंचाहत्तर रुपये. पंचाहत्तर रुपयांच्या व्याजाचा प्रश्न होता आणि मी तिला घर सोडायला लावले! कायदा जिथे लागू आहे, तिथे खोली खाली व्हावी म्हणून भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडायलाही मालकाला मनाई आहे. आणि जिथे हा कायदा लागू नाही, तिथेही महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय सामान बाहेर फेकता येत नाही. तसे कोणी केलेच, तर ताबा परत मिळवण्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. मुदत लक्षात ठेवा, सहाच महिने.

"पण दावा तर नवऱ्यावर असणार, मग बायको कोर्टात उभी कशी राहील?" हा प्रश्न कोणीही विचारील. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००५ रोजी बी. पी. अचला आनंद विरुद्ध एस. अप्पी रेड्डी या खटल्यात दिले. नवऱ्याने टाकलेली बायको त्याच्या भाड्याच्या घरात राहत असेल आणि नवरा दाव्यात बाजू मांडायचे सोडून देऊन तिचे नुकसान करीत असेल, तर ती स्वतः कोर्टात उभी राहून बाजू मांडू शकते. अट एवढीच, की नवऱ्यापेक्षा जास्त हक्क तिला सांगता येत नाही आणि भाडेकरूची सगळी बंधने, भाडे भरण्यासकट, तिने पाळली पाहिजेत. त्याच निकालात एक इशाराही आहे. घटस्फोट झाला की घटस्फोटाच्या हुकुमात किंवा तडजोडीत राहण्याची तरतूद केलेली नसेल, तर हा हक्क उरत नाही. म्हणून बहिणींनो, "एकदाचं मोकळं व्हा" म्हणून कोणी घाईने कागद पुढे सरकवला, तर त्यात राहण्याच्या जागेचे काय लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय सही करू नका.

आता अकरा महिन्यांच्या कराराविषयी. हल्ली बहुतेक खोल्या अशाच दिल्या जातात. लोक त्याला लीव्ह लायसन म्हणतात. हा खरे म्हणजे भाडेकरार नव्हे. ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी आहे. अशा करारात भाडेकरूचे वर सांगितलेले संरक्षण मिळत नाही. मुदत आहे तोवर पैसे भरत राहावे. मुदत संपण्याआधी महिनाभर मालकाशी बोलून शक्य तर नवा करार आपल्या स्वतःच्या नावाने करून घ्यावा. मुदत संपूनही तसेच बसून राहिले, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि त्या काळाचे दुप्पट पैसे मागू शकतो. इथे हट्ट उपयोगाचा नाही. मालकावरचा हक्क संपला तरी नवऱ्यावरचा संपत नाही. दुसऱ्या जागेचे भाडे त्याच्याकडे मागायचे, तो रस्ता वर सांगितलाच आहे.

एक फरक जाता जाता सांगतो. भाडेकरू निघून जाणे वेगळे आणि वारणे वेगळे. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या ठिकाणी भाडेकरू वारला, तर त्याच्याबरोबर राहणारे घरातले माणूस कायद्याने भाडेकरू मानले जाते. तिथे "नाव त्याचे होते" हे म्हणणे टिकत नाही.

आणखी एक दुःख आपल्याकडे वाढते आहे. मुलगा आईबापांना शहरातल्या खोलीत ठेवतो आणि मग स्वतःच दुसरीकडे जातो. त्यांच्यासाठी २००७ सालचा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहण्याची जागाही. अर्ज प्रांत कचेरीतल्या न्यायाधिकरणाकडे करायचा, वकील लागत नाही आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरवून मिळू शकते.

इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला भाड्यासाठी सरकारी मदत मिळते. जोडीचा माणूस निघून गेला, की राहिलेल्याने ते लगेच कचेरीत कळवायचे आणि मदतीचा हिशेब नव्याने मांडून घ्यायचा. आपल्याकडे खास भाड्यासाठी अशी सर्वांना मिळणारी मदत नाही. जे मिळू शकते ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून. निराधार विधवा, घटस्फोटाचे प्रकरण चालू असलेली, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणारी, अशा गरीब बायांना या योजनेत अर्ज करता येतो. २०२३ साली हे अनुदान दरमहा पंधराशे रुपये झाले. उत्पन्नाची अट कडक आहे. तेव्हा तहसील कचेरीत जाऊन आपले बसते का, हे विचारून घ्यावे. पंधराशे रुपयांत खोलीचे पूर्ण भाडे भागणार नाही, पण निम्मे भागेल, आणि निम्मे भाडे हाती असलेल्या माणसाला मालकाशी बोलताना तोंड वर करता येते.

वकिलाच्या पैशांची काळजी नको. १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येते. संकटात सापडलेल्या बाईसाठी १८१ हा महिला मदतीचा क्रमांक आहे.

आता पहिल्या आठ दिवसांत काय करायचे ते थोडक्यात सांगतो, कारण सगळे या आठ दिवसांवर अवलंबून असते. खोली सोडायची नाही. कोणी चावी मागितली तरी द्यायची नाही आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही. मालकाकडे आपण होऊन जायचे आणि सांगायचे, "मालक, हे गेलेत, पण मी आहे, मुलं आहेत. भाडं मी भरते." पूर्ण जमत नसेल तर जमेल तेवढे द्यायचे, पण पावती घेतल्याशिवाय द्यायचे नाही. पावती नवऱ्याच्या नावाने असली तरी चालेल. तिच्यावर "हस्ते" म्हणून आपले नाव लिहून घ्यायचे. तो एक शब्द पुढे कोर्टात फार उपयोगी पडतो. त्यामुळे मालकालाही धास्ती वाटत नाही, कारण त्याने नवा भाडेकरू मानला, असे त्यातून होत नाही. मालक पैसे घ्यायलाच तयार नसेल, तर "मी भाडे द्यायला तयार आहे, आपण घेत नाही" एवढे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून त्याची पोच जपून ठेवायची. पैसे बँकेतून किंवा फोनवरून पाठवले, तर त्याची नोंद आपोआप राहते. आणि त्याच आठवड्यात विधी सेवा समितीच्या दारात जायचे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यात तुमचे काम मोठे आहे. बाई पहिल्यांदा वकिलाकडे जात नाही. मुलाच्या गुरुजींकडे, बाईंकडे येते. तुम्हाला कायदा पाठ असण्याची गरज नाही. मालकाला द्यायचे पत्र तिला लिहून द्या. शाळेच्या नोंदीत मुलाचा जो पत्ता आहे, त्याचा दाखला द्या. हे कुटुंब अमक्या वर्षापासून त्या खोलीत राहते, याचा तो चांगला पुरावा असतो. शक्य असेल तर तिच्याबरोबर एकदा कोर्टाच्या आवारापर्यंत चला. बाहेर पुष्कळ अडाणी आणि अर्धशिक्षित सल्लागार तिला भेटणार आहेत. पण सर्वांत घातक सल्ला शिकलेल्या माणसाचा असतो, कारण त्याच्यावर ती विश्वास ठेवते. ठाऊक नसेल तर "मला ठाऊक नाही ताई, चला, आपण विचारून येऊ" म्हणावे. त्या दिवशी मला एवढे वाक्य सुचले नाही.

त्या बहिणीने पुढे त्याच वकील मित्राच्या मदतीने अर्ज केला. नवऱ्याचा ठावठिकाणा लागायला बराच काळ गेला. आता थोडीफार पोटगी येते. कधी वेळेवर, कधी उशिरा. ती भावाच्या घराशेजारी एका खोलीत राहते आणि शिवणकाम करते. या खोलीच्या करारावर नाव तिचे स्वतःचे आहे. परवा भेटली तेव्हा पिशवीतून पावत्यांचे पुडके काढून तिने मला दाखवले. "सर, एकपण महिना चुकला नाही," म्हणाली. मागच्या गोष्टीबद्दल ती मला एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते, असे मला राहून राहून वाटते.